गरिबाचा यज्ञ आणि सोन्याचा डोंगर : तिसगाव परिसराच्या पर्यटनक्षमतेचा धर्मविचार

एखाद्या प्रदेशाची पर्यटनक्षमता ठरवणे, म्हणजे तेथे पाहण्यासारखे काय आहे, बाहेरून किती माणसे येऊ शकतील, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय कितपत होईल आणि त्यातून स्थानिकांच्या हाती काय पडेल याचा पद्धतशीर अंदाज बांधणे, हे सामान्यतः नियोजनशास्त्राचे काम मानले जाते. परंतु तो प्रदेश शतकानुशतके तीर्थयात्रेने घडलेला असेल, तर या अंदाजाच्या मुळाशी एक धर्मविषयक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून केलेली कोणतीही मोजणी अपुरी ठरते. जे स्थान भाविकाकडून काही मागते, त्याची योग्यता ते पाहुण्याला काय देते एवढ्यावरूनच ठरवता येईल काय, हा तो प्रश्न होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव आणि त्याच्या भोवतीचा गर्भगिरीचा डोंगरपट्टा या चर्चेसाठी विशेष योग्य आहे, कारण पर्यटनाच्या नकाशावर त्याचे नाव ठळक नसले, तरी महाराष्ट्रातील नाथ संप्रदायाच्या भूगोलात त्याचे स्थान मध्यवर्ती आहे.

तिसगाव हे नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या महामार्गावर, सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, करंजीचा घाट ओलांडल्यानंतर लागणारे बाजारपेठेचे गाव आहे. नगर सोडल्यावर याच रस्त्यालगतच्या शहाडोंगरावर निजामशाहीतील मंत्री दुसरा सलाबतखान याची अष्टकोनी कबर दिसते, आणि लोक तिला आजही चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. गर्भगिरी हा बालाघाटाच्या रांगेचा, नगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला फाटा असून, त्याच्या कुशीत घाटशिरस येथे वृद्धेश्वर, ज्याला पंचक्रोशीत म्हातारदेव म्हणतात, हे स्वयंभू शिवस्थान आहे. तिसगावपासून जवळच मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे, आणि डोंगर ओलांडून बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात शिरल्यावर सावरगाव येथे मच्छिंद्रनाथांची समाधी असलेले मायंबा हे ठिकाण येते. पाथर्डीच्या पुढे नवरात्रात गजबजणारे मोहटादेवीचे क्षेत्र आणि संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी उभारलेला भगवानगड आहे. नाथ संप्रदायात समाधी म्हणजे केवळ पार्थिव देह ठेवल्याची जागा नसते. साधकाने आपल्या इच्छेने देहव्यापार आवरून जेथे स्थिर होणे पत्करले, ती जागा असते, आणि म्हणूनच भाविकांच्या दृष्टीने तेथील नाथ गेलेला नसून बसलेला असतो.

प्रचलित पद्धतीने पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला या यादीतून एक आश्वासक चित्र उभे करता येईल. एका दिवसाच्या प्रवासात बसतील अशी पाच-सहा देवस्थाने, पावसाळ्यानंतर हिरवे होणारे घाट, निजामशाहीच्या खुणा, जवळून जाणारा महामार्ग, आणि याच जिल्ह्यात शिर्डी व शनिशिंगणापूर या ठिकाणी येणारा प्रचंड भाविकवर्ग, ज्याचा काही भाग इकडे वळवता येईल, असे हे चित्र असेल. त्यापुढे रस्ता, वाहनतळ, भक्तनिवास, दुकानांचे गाळे आणि स्वागतकमानी यांचा आराखडा जोडला जाईल. महाराष्ट्रात तीर्थक्षेत्रांना निधी देण्यासाठी ‘ब’ वर्ग, ‘क’ वर्ग अशी जी प्रतवारी केली जाते, तिच्यातही भाविकांची संख्या हा महत्त्वाचा निकष असतो. या पद्धतीत खोटे काही नाही. पण येणाऱ्या माणसांची संख्या मोजताना ती कोण आहेत, कशासाठी येतात आणि कोणत्या अधिकाराने येतात, हे विचारण्याची सोय या पद्धतीत नाही.

भारतीय दर्शनांपैकी ज्या दर्शनाने कर्म आणि त्याचे फळ यांचा सर्वांत काटेकोर विचार केला, ते पूर्वमीमांसा दर्शन येथे उपयोगी पडते. मीमांसकांनी फळाचे दोन प्रकार मानले : दृष्ट, म्हणजे प्रत्यक्ष दिसणारे, आणि अदृष्ट, म्हणजे कर्त्याच्या ठिकाणी उत्पन्न होऊनही डोळ्यांना न दिसणारे. एखाद्या कर्माचे दृष्ट फळ सांगता येत असेल, तर तेथे अदृष्टाची कल्पना करणे योग्य नाही, असा त्यांचा दंडक होता. हा दंडक लक्षात घेतला, तर यात्रेमुळे तिसगावच्या दुकानदाराला, घाटशिरसच्या शेतकऱ्याला किंवा मढीच्या फुलविक्रेत्याला मिळणाऱ्या पैशाबद्दल नाक मुरडण्याचे कारण उरत नाही, कारण दृष्ट फळ हे हीन फळ आहे असे मीमांसा कधीच म्हणत नाही. मात्र याच दर्शनाने आणखी एक भेद केला आहे. जे कर्माच्या सिद्धीसाठी असते ते क्रत्वर्थ, आणि जे करणाऱ्या माणसाच्या इष्टसिद्धीसाठी असते ते पुरुषार्थ. यज्ञातील समिधा यज्ञासाठी असतात. यजमानाला हवा असलेला स्वर्ग यजमानासाठी असतो. ही दृष्टी विकासकामांना लावली, तर पायवाटेवरची सावली, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय, प्रथमोपचार या गोष्टी यात्रेच्या सिद्धीसाठी आहेत, तर शीघ्रदर्शनाची सशुल्क रांग किंवा डोंगरमाथ्यापर्यंत गाडी नेणारा रस्ता पाहुण्याच्या सुखासाठी आहे, हे स्पष्ट दिसू लागते. दोन्हींना ‘सुविधा’ हे एकच नाव दिल्याने आराखड्यात त्यांचे वजन सारखे होते, आणि निधी मर्यादित असला की बहुधा दुसरा प्रकार पहिल्याची जागा घेतो.

तीर्थयात्रेच्या तात्त्विक पायाकडे वळले, तर महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्व हा या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा प्राचीन विचार ठरतो. तेथे पुलस्त्य ऋषी भीष्माला सांगतात त्याचा आशय असा, की यज्ञाला पुष्कळ सामग्री, साहाय्यक आणि संपत्ती लागते, त्यामुळे तो राजांना व श्रीमंतांना साधतो, दरिद्री माणसाला साधत नाही. तीर्थगमन मात्र दरिद्री माणसालाही करता येते आणि त्याचे फळ यज्ञाहूनही श्रेष्ठ आहे. याच ठिकाणी तीर्थाचे फळ कोणाला मिळते याच्या अटीही सांगितल्या आहेत : हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहेत, जो दान घेण्यापासून दूर राहतो, जो अल्पाहारी, अक्रोधी आणि सत्यनिष्ठ आहे, त्याला. या मांडणीत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. तीर्थ हा गरिबाचा यज्ञ आहे, म्हणजे तेथे प्रवेशासाठी संपत्तीची अट असू शकत नाही. आणि तीर्थ संयमाची अट घालते, म्हणजे तेथे येणाऱ्याने काही सोडून यावे अशी अपेक्षा असते. या दोन गोष्टी ढळल्या, तर तेथे देऊळ, मूर्ती आणि गर्दी कायम राहूनही तीर्थाचा पाया निसटतो. तेव्हा कोणत्याही तीर्थप्रदेशाच्या पर्यटनक्षमतेचा पहिला निकष असा मांडता येतो, की विकासानंतरही सर्वांत गरीब यात्रेकरू तेथे आज येतो तितक्याच सहजतेने आणि तितक्याच मानाने येऊ शकेल काय.

हा निकष मढीइतका अन्यत्र क्वचितच जिवंत स्वरूपात पाहायला मिळतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या आणि रंगपंचमीला भरास येणाऱ्या मढीच्या यात्रेला भटक्या जमातींची पंढरी असे म्हटले जाते. गोपाळ, कैकाडी, वैदू, वडार, बेलदार, घिसाडी, कोल्हाटी, जोशी, मरीआईवाले अशा अनेक जमातींची कुटुंबे वर्षभर गावोगाव पांगलेली असतात आणि फाल्गुनात येथे एकत्र येतात. समाधीस्थानाच्या गडाच्या उभारणीत या जमातींनी श्रम केले, दगड वाहिले, अशी परंपरा आहे, आणि त्याच्या स्मरणार्थ होळी पेटवण्याचा मान गोपाळ समाजाकडे, तर मानाची काठी कैकाडी समाजाकडे आहे. औरंगजेबाच्या कैदेत असलेल्या शाहूंच्या सुटकेसाठी राणी येसूबाईंनी केलेल्या नवसाशीही गडाच्या बांधकामाचा संबंध जोडला जातो. नाथपंथात प्रवेश मिळावा म्हणून तप करणाऱ्या डालीबाई या शिष्येच्या समाधीवर उगवल्याचे सांगितले जाणारे डाळिंबाचे झाड येथे आहे आणि भाविक त्याला नवसाचा धागा बांधतात. यात्रेतील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि तो यात्रेला लागलेला निव्वळ विरंगुळा नाही. ज्यांचा माल, भांडी आणि मुले शतकानुशतके या जनावराच्या पाठीवर हिंडली, त्यांच्या संसाराची ती बाजारपेठ आहे. सोयरिकी जुळणे, उसने-पासने फिटणे, मृतांची वार्ता कळणे हे सारे येथे होत आले आहे. ज्यांना कागदावर दाखवायला गाव नाही, त्यांच्यासाठी मढी हा पत्ता आहे.

असे असताना, या यात्रेचे वर्णन पर्यटनाच्या माहितीपत्रकात ‘रंगीबेरंगी लोकसंस्कृतीचे दर्शन’ या शब्दांत होऊ लागले, तर एक सूक्ष्म पण गंभीर उलटापालट घडते. जो यात्रेचा यजमान आहे तो देखावा बनतो, आणि जो पाहायला आला आहे तो मुख्य पाहुणा बनतो. मग पालांसाठी मोकळी असलेली जागा वाहनतळाला लागते, गाढवांचा बाजार अस्वच्छतेच्या कारणावरून दूर हलवावा अशी सूचना पुढे येते, आणि उघड्यावर चूल मांडणारे कुटुंब दृश्यात अडथळा ठरते. यांपैकी प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे समंजस वाटू शकतो. त्यांची बेरीज मात्र गरिबाचा यज्ञ गरिबाकडून काढून घेण्यात होते.

याचा अर्थ परंपरेने चालत आलेले सर्वच जतन करण्याजोगे आहे असा होत नाही. मढीच्या यात्रेत अनेक जमातींच्या जातपंचायती भरत असत, आणि तेथे तंटे मिटत तसेच माणसांना वाळीतही टाकले जाई. स्त्रियांवरील अन्यायाचे निवाडे त्यांच्याच विरोधात दिले जात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. त्याच वर्षी, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूरचा चौथरा गुढीपाडव्याच्या दिवशी स्त्रियांना खुला झाला. या दोन्ही घटनांतून दिसते ते असे, की तीर्थाची परंपरा न्यायाच्या दिशेने बदलू शकते आणि बदलल्यानंतरही ती तीर्थच राहते. गरिबाचा अधिकार टिकवणे आणि परंपरेतील अन्याय टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आडोशाने दुसरीचे समर्थन करणे धर्मविचाराला शोभणारे नाही.

तीर्थ कोणाचे, या प्रश्नाला या परिसरात आणखी एक पदर आहे. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या अहमदनगर जिल्हा गॅझेटिअरने मढीच्या स्थानाची नोंद करताना, हिंदू ज्याला कान्होबा, म्हणजे कानिफनाथ, म्हणतात त्यालाच मुसलमान शाह रमजान माही सवार या नावाने मानतात आणि दोन्ही समाजांचे लोक यात्रेला येतात, असे नमूद केले आहे. दख्खनमध्ये नाथ आणि सूफी यांच्या परंपरा अनेक ठिकाणी एकमेकींना लागून वाढल्या. जिभेवरचे नाव वेगळे, पण नवस, धागा आणि प्रसाद एकाच उंबऱ्यावर, असे चित्र येथील ग्रामीण धर्मजीवनाला अपरिचित नव्हते. पुढे मालकीचे आणि ओळखीचे वाद निर्माण झाले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना मनाई करणारा ठराव केला, तेव्हा प्रशासनाने त्याला स्थगिती दिली. कायदेशीर बाजू न्यायसंस्थेने ठरवावी हे उचितच आहे. तात्त्विक बाजू मात्र वर सांगितलेल्या निकषातच आलेली आहे. ज्या स्थानाने जन्म, व्यवसाय आणि भटकेपण यांपैकी कोणत्याही कारणाने माणसाला दूर केले नाही, त्याची थोरवी त्याच्या उघड्या दारात आहे, आणि दार अरुंद झाले की स्थानाचे मोलही तितके घटते.

येथे खुद्द नाथविचारातूनच एक आक्षेप निघू शकतो. नाथयोगाच्या दृष्टीने जे ब्रह्मांडात आहे ते पिंडात आहे. गंगा आणि यमुना या देहातील इडा आणि पिंगला नाड्या आहेत, आणि खरे तीर्थ साधकाच्या आतच आहे. महाराष्ट्रातील संतांनीही अंतरंग न बदलता केलेल्या तीर्थाटनाला व्यर्थ ठरवले, आणि हे संत नाथपरंपरेला परके नव्हते : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही गुरुपरंपरा प्रसिद्ध आहे आणि शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मधील ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यातील नेवाशात सिद्ध झाली. तीर्थ आतच असेल, तर डोंगरावरच्या जागेचे जतन करण्याचा आग्रह कशासाठी, असा हा आक्षेप आहे. त्याचे उत्तर असे, की या परंपरेत जागा पूज्य ठरते ती तिच्या सौंदर्यामुळे किंवा प्राचीनतेमुळे नव्हे. कोणी एकाने तेथे साधना केली, म्हणून ती पूज्य ठरते. त्या जागेचे येणाऱ्याशी नाते केवळ पाहण्याचे राहू शकत नाही. साधकाने जे केले त्याचा अल्पसा अंश स्वतः करण्याची सूचना ती जागा देत असते. चढण पायी चढणे, उपवास, मौन, सेवा ही तीर्थाची जुनी अंगे याच सूचनेतून आली. आतले तीर्थ आणि बाहेरचे तीर्थ यांना जोडणारा दुवा म्हणजे यात्रेकरूचे कष्ट, आणि ते कष्ट पूर्णपणे काढून टाकणारी सोय हा दुवाच तोडते.

स्थानांची नोंद कशी करावी याचा एक नमुना मराठीतच सुमारे सातशे वर्षांपासून उपलब्ध आहे. महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’ या ग्रंथात श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले किंवा निजले त्या जागा दिशा आणि खुणांसह नोंदवलेल्या आहेत. कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस, कोणत्या दाराकडे तोंड करून, इतक्या बारकाव्याने केलेली ही पाहणी आजच्या सर्वेक्षणाला लाजवील अशी आहे, पण तिचा हेतू वेगळा होता. वाचणाऱ्याने त्या जागी जाऊन नमस्कार करावा आणि तेथे घडलेली लीळा, म्हणजे स्वामींच्या चरित्रातील प्रसंग, मनात जागवावा, यासाठी ती होती. तिसगाव परिसराची पाहणी करताना ठिकाणांबरोबर त्यांच्याशी जोडलेले मान, वाटा, विहिरी, सांगितल्या जाणाऱ्या कथा आणि त्या सांगणारे समाज यांची अशी बारकाईने नोंद झाली, तर ती पर्यटनाच्या आराखड्याहून अधिक टिकाऊ ठरेल. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या १९५९ मधील नाथसंप्रदायाच्या इतिहासाने या विषयाचा पाया घातला आहे. गावपातळीवरील तपशील जमवण्याचे काम मात्र स्थानिक शाळा-महाविद्यालयांनाच करावे लागेल.

या प्रदेशाची खरी मर्यादा पाण्याची आहे. गर्भगिरीचा पट्टा पर्जन्यछायेत येतो, बेसॉल्टच्या कठीण थरांत पाणी फार मुरत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे येथील अनेक गावांना नवीन नाही. पर्यटनशास्त्रात वहनक्षमता अशी एक संज्ञा आहे, म्हणजे एखादे ठिकाण स्वतःची हानी न होता किती माणसांचा भार सोसू शकते, ती मर्यादा. शिर्डीचा विस्तार ज्या राहाता तालुक्यात झाला, तो भाग गोदावरीच्या कालव्यांच्या पाण्यावर वाढलेला आहे; साईबाबांच्या समाधीनंतर, म्हणजे १९१८ नंतर, एका खेड्याचे विमानतळ असलेले शहर होण्यामागे श्रद्धेबरोबर हे पाणीही होते. तिसगावने शिर्डी व्हावे, अशी इच्छा धरणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. मात्र याच परिसरात पाण्याविषयीची एक धर्मरूढी आहे आणि ती वहनक्षमतेच्या सूत्राहून पुढचे काही सांगते. मढीच्या यात्रेच्या अखेरीस भाविक पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीने खांद्यावर वाहून आणतात आणि त्याने कानिफनाथांच्या समाधीला अभिषेक होतो. कोरड्या डोंगरावर येताना यात्रेकरू पाणी घेऊन येतो, ही या रूढीतील शिकवण आहे. पर्यटनाची प्रचलित रीत याच्या नेमकी उलट आहे, कारण तेथे पाहुणा गावाचे पाणी वापरतो आणि त्या बदल्यात पैसे देतो. येणाऱ्याने प्रदेशाच्या उणिवेत भर घालू नये, शक्य तर ती भरून काढावी, हा कावडीतून मिळणारा दुसरा निकष होय, आणि भक्तनिवासाच्या प्रत्येक प्रस्तावाला पावसाचे पाणी साठवण्याची व वापरलेले पाणी पुन्हा उपयोगात आणण्याची अट घालणे हे त्याचे आजचे रूप असू शकते.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार करायला हवा. पाथर्डी तालुका आणि शेजारचा बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा प्रदेश आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांच्या शाळा सुटतात, म्हाताऱ्यांच्या हवाली घरे राहतात. मोहट्याची यात्रा नवरात्रात, म्हणजे निघण्याच्या आधी, आणि मढीची यात्रा फाल्गुनात, म्हणजे परतण्याच्या सुमारास येते, त्यामुळे येथील देवांचे वेळापत्रक आणि कष्टकऱ्यांचे वेळापत्रक नकळत एकमेकांत गुंफले गेले आहे. अशा प्रदेशात पावित्र्याचे कारण पुढे करून उत्पन्नाची संधी नाकारणे हा सुस्थितीतील माणसाचा धर्मविचार आहे, असे कोणी म्हटले, तर ते बरोबरच ठरेल. वर्षातील सहा महिने घर सोडावे लागणाऱ्या कुटुंबाला गावातच मिळकतीचे साधन मिळाले, तर ते दृष्ट फळ कोणत्याही अदृष्ट फळाच्या तोडीचे आहे. म्हणून चर्चेचा विषय पैसा यावा की न यावा हा नसून, आलेला पैसा कोणाच्या घरात जावा हा आहे.

या प्रश्नाला गर्भगिरीच्याच एका कथेत उत्तर सापडते. मालू धुंडिसुताने शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९ मध्ये रचलेल्या ‘श्रीनवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात ही कथा येते. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती आणि तिच्यापायी वाटेत चोराचे भय वाटत होते. गोरक्षनाथांनी ती वीट गुपचूप फेकून दिली. गुरूला दुःख झालेले पाहून त्यांनी आपल्या सिद्धीने डोंगरच सोन्याचा करून दाखवला. तेव्हा मच्छिंद्रांनी सांगितले, की साधुसंतांना बोलावून भंडारा घालावा, म्हणजे सर्वांना अन्न व सन्मान द्यावा, या इच्छेने ती वीट जपली होती. त्यानंतर गोरक्षांच्या सामर्थ्याने त्या डोंगरावर भव्य भंडारा झाला. वृद्धेश्वराच्या स्थानाशी सांगितली जाणारी परंपराही अशीच आहे : नाथांच्या अशाच भोजनसमारंभाला साक्षात शिव वृद्धाच्या रूपाने आले आणि येथेच राहिले.

या कथेत संपत्तीविषयीच्या दोन भूमिका समोरासमोर येतात आणि दोन्हींना मान मिळतो. शिष्याला सोने हा भयाचा विषय वाटतो, कारण ते जवळ असेपर्यंत साधकाचे लक्ष वाटेवर राहत नाही. गुरूला सोने भंडाऱ्याचे साधन वाटते, कारण सर्वांना पोटभर देणे ही साधनेची परिणती आहे. कथेने शिष्याचे वैराग्य खोटे ठरवले नाही, तसाच गुरूचा हेतूही मोह म्हणून फेटाळला नाही; तिने सोन्याला एकच वाट मोकळी ठेवली, ती म्हणजे पंगतीची. सोन्याचा डोंगर हाताशी असताना कथा संचयावर थांबत नाही, वाटपावर थांबते, आणि त्या पंगतीत अनोळखी म्हाताऱ्याला कोणी अडवत नाही, म्हणूनच देव तेथे येऊ शकतो. पर्यटनातून येणाऱ्या संपत्तीसाठी याहून नेमका तिसरा निकष शोधणे कठीण आहे : ती साठली की भय, वाटली की भंडारा.

तीर्थाने येणाऱ्याकडून काही मागावे, हा विचार केवळ येथलाच आहे असे नाही. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थस्थानी यात्रेचे प्रमाणपत्र पायी येणाऱ्याला मिळते ते किमान शेवटचे १०० किलोमीटर चालून आल्यावरच, आणि या अटीमुळे तेथील यात्रा ओसरलेली नाही. उलट वाटेवरच्या लहान गावांना तिने जगवले आहे, कारण चालणाऱ्याला रोज कुठेतरी जेवावे आणि निजावे लागते. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद झाले, कारण तेथील मूळ रहिवासी अनांगू लोकांच्या धर्मदृष्टीने ती चढाई अनुचित होती. पाहुणे आजही येतात आणि खडकाच्या भोवतीने चालतात. पहिल्या उदाहरणात पाहुण्याने कष्ट घ्यावेत, दुसऱ्यात मोह सोडावा, अशी अपेक्षा आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती अपेक्षाच त्या जागेची प्रतिष्ठा वाढवते.

या तीन निकषांच्या आधारे तिसगाव परिसराच्या क्षमतेचे मूल्यमापन केले, तर निष्कर्ष पुरेसा स्पष्ट निघतो. हा प्रदेश मोठ्या गर्दीच्या, गाडीतून उतरून दर्शन घेऊन परतणाऱ्या पर्यटनासाठी योग्य नाही. पाणी त्याला पुरणार नाही आणि अशा गर्दीचा पैसा महामार्गावरील मोजक्या मालकांपलीकडे पोचणार नाही. मात्र तिसगाव, मढी, वृद्धेश्वर आणि मायंबा यांना जोडणारी, पावसाळ्यानंतरच्या आणि हिवाळ्यातील महिन्यांत चालली जाईल अशी पायवाटेची यात्रा येथे निश्चित उभी राहू शकते. तिच्यात मुक्काम वाड्या-वस्त्यांवरील घरांत असावा, २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाचा लाभ मोठ्या गुंतवणूकदाराऐवजी लहान शेतकऱ्याला मिळावा, बाजरीची भाकरी आणि पिठले रांधणाऱ्या बाईला तिचा मोबदला थेट मिळावा, आणि वाट दाखवणारा तरुण त्याच पंचक्रोशीतला असावा, म्हणजे निदान काही घरांना फडावर जाण्यावाचून पर्याय सापडेल. फाल्गुनातील मढीची यात्रा या योजनेच्या बाहेर ठेवावी. तो भटक्या समाजांचा काळ आहे, आणि त्या काळात शासनाने करायचे काम म्हणजे पालांची जागा राखणे, पाणी, दवाखाना आणि प्रकाश पुरवणे व पाहुण्यांची जाहिरात न करणे. यात्रेचे मान ज्या समाजांकडे आहेत, त्यांचे प्रतिनिधी नियोजनाच्या प्रत्येक बैठकीत असावेत. देवस्थानांच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा पाणलोटाच्या कामांना आणि ऊसतोड कुटुंबांच्या मुलांच्या निवासी शिक्षणाला द्यावा. भंडाऱ्याचे याहून योग्य आधुनिक रूप दुसरे नाही.

हे निर्णय रस्ते रुंद होण्याच्या आणि जमिनींचे भाव चढण्याच्या आधी घ्यावे लागतील, कारण त्यानंतर गावाच्या हाती निर्णय उरत नाही. म्हणून तिसगाव, मढी, घाटशिरस आणि सावरगाव येथील ग्रामसभांनी, देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि तालुक्यातील शिक्षकांनी एकत्र बसून, आपल्या डोंगरावर कोणी यावे याच्या आधी, कोणाचे येणे कधीही थांबता कामा नये हे ठरवावे आणि तसे ठरावात लिहून ठेवावे. ज्या आराखड्यात मढीला पायी येणाऱ्या भटक्या कुटुंबाची जागा पहिल्या पानावर निश्चित केलेली नाही, तो कितीही निधी आणणारा असला, तरी या प्रदेशाने स्वीकारू नये.